सकाळची खडखड: संत्र्याच्या पिकअपमधल्या टायमिंग चेन गाइडचं पूर्ण प्रकरण

गाडी बीएस फोरची (धुराच्या नियमाची आधीची पायरी) पिकअप, २०१७ नंतरची नि एप्रिल २०२० च्या आधीची. चार सिलिंडर कॉमन रेल डिझेल, दोन लिटरच्या थोडं वर, डबल कॅम (वॉल्व्ह उघडणारे दोन दांडे), त्यांना क्रँकच्या, म्हणजे खालच्या मुख्य दांड्याच्या, मेळात फिरवणारी टायमिंग चेन समोरच्या बाजूला. मीटरवर १ लाख ६८ हजार. मालक वरुड तालुक्यातले संत्रा बागाईतदार, स्वतःची बाग आहेच पण हंगामात दुसऱ्यांच्याही बागा घेतात, त्यामुळे आंबिया बहाराच्या तोडणीत आणि पुढे मृगाच्या मालाला गाडी जवळजवळ रोज कॅरेट वाहते, बागेतून पांदण रस्त्यानं ग्रेडिंगच्या शेडवर नि शेडवरून कधी वरुडला तर कधी नागपूरला कळमन्याच्या मार्केटात.

तक्रार अशी होती. मालक म्हणाले, "भाऊ, सकाळी चालू केली का दोन-तीन सेकंद खडखडते, मंग आपोआप बंद होते. काई घाबरण्यासारखं हाय काय?" ड्रायव्हर मागून म्हणे, "दोन-तीन सेकंद मागच्या साली होते दादा, आता त चांगली सात-आठ सेकंद वाजते, मी त लय दिवसापासून सांगून राह्यलो तुमाले." हे ड्रायव्हरचं वाक्य माझ्यासाठी सगळ्यात कामाचं होतं. आवाज आहे हे कोणीही सांगते, पण तो वाढत चालला का, हे रोज गाडी चालवणाराच सांगू शकते.

आधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एका ठिकाणी टॅपेट (वॉल्व्ह ढकलणारा पार्ट) सांगितले, दुसऱ्या ठिकाणी इंजेक्टरचा नॉक सांगून चारही इंजेक्टर टेस्टिंगला पाठवायचा सल्ला दिला होता. टॅपेटचं म्हणाल तर या इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर आपोआप जुळणारे, अ‍ॅडजस्टर आहेत, पाना लावून सेट करायचे टॅपेट नाहीतच. अर्थात हायड्रॉलिक वालेही थंड इंजिनवर टकटक करतात, त्यामुळे ऐकल्याबरोबर तो अंदाज निघणं समजू शकतो, पण ती टकटक वरून, हेडकव्हरमधून येते नि बारीक असते. इथला आवाज खालून समोरून येत होता, भरड, डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखा.

थंड आवाज ऐकायचा तर गाडी रात्रभर गॅरेजवरच पाहिजे, दुपारी आणून "ऐका बरं" म्हटल्यानं काही होत नाही. म्हणून गाडी संध्याकाळी ठेवून घेतली. सकाळी आधी बाहेरचा बेल्ट काढून टाकला आणि मग स्टार्टर मारला. बेल्ट काढला की अल्टरनेटर, आयडलर, टेन्शनर पुली, वॉटर पंप सगळे थांबतात, त्यांच्यापैकी कोणाचा बेअरिंग वाजत असेल तर आवाज गेलाच पाहिजे. (अशी गाडी दहा-पंधरा सेकंदाच्या वर चालवायची नाही, पाणी फिरत नसते.) आवाज तसाच्या तसा राहिला, म्हणजे बाहेरचं काही नाही. बेल्ट परत लावला, गाडी होईल तेवढी गरम होऊ दिली, आणि गरम आयडललाही (रेस न देता उभ्या गाडीतही) बारीक सरसर ऐकू येत होती, ती मालकाला कधी जाणवली नव्हती कारण काच वर करून गाणे लावले की कोणाला काय ऐकू येते. त्या सरसरीवर स्कॅनरनं एकेक इंजेक्टर बंद करून पाहिला. नॉक इंजेक्टरचा असता तर तो सिलिंडर बंद केल्यावर आवाज बदलला असता. काहीच बदल नाही. मग लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून फ्रंट कव्हरवर वरून खाली आलो, तर चेन ताणलेली असते त्या बाजूला, वरच्या एक तृतीयांश भागात, आत कोणी नखानं पत्रा खरवडते तसं स्पष्ट ऐकू आलं.

स्कॅनरमध्ये फॉल्ट कोड एकही नव्हता. बरेच जण इथेच फसतात. पी००१६ हा क्रँक आणि कॅमच्या मेळाचा कोड असतो, पण तो कधी येते, जेव्हा दोघांमधला कोन कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर जाते तेव्हा, म्हणजे चेन बरीच लांबली किंवा दात उडाला, म्हणजे चेन चक्राच्या एखाद्या दातावरून पुढे घसरली, तर. गाइड (चेनला आधार देणारी पट्टी) तुटून त्याचे तुकडे चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडले तरी चेन अजून आपल्या दातावर असते, कॉम्प्युटरला सगळं ठीकच दिसते. स्कॅनर कोरा आला म्हणून चेन चांगली असा अर्थ लावू नका.

ऑइल काढलं ते जुन्या धुतलेल्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. ऑइल प्लगच्या लोहचुंबकाला फक्त नेहमीचा काळा चिखल होता, काही विशेष नाही. फडक्यावर मात्र सात-आठ कण राहिले, मसुराच्या दाण्याएवढे, काळपट तपकिरी. डिझेलमध्ये धुतले तर एक बाजू गुळगुळीत आणि तिच्यावर दोन समांतर चऱ्या, दुसरी बाजू खडबडीत तुटलेली. त्या दोन चऱ्या म्हणजे चेनच्या बाजूच्या पट्ट्यांचा माग. हा कण इंजिनात दुसरीकडून कुठून येऊच शकत नाही. प्लॅस्टिक चुंबकाला चिकटत नाही, म्हणून नुसता प्लग पाहून समाधान मानणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. इथं निदान पक्कं झालं, आणि मी मालकाला सांगितलं की आता ही गाडी स्टार्ट करायची नाही, शेडपर्यंतही नाही.

ते नाराज झाले, साहजिक आहे, तोडणी सुरू होती नि व्यापारी फोनवर फोन करून राहिला होता. पण हे इंजिन असं आहे की चेन दोन-तीन दात उडाली तर वॉल्व्ह नि पिस्टन एकमेकांना भिडतात. डिझेलमध्ये दाब जास्त लागतो म्हणून पिस्टन वर आल्यावर हेडमध्ये जागा फारच कमी उरते. मग वॉल्व्ह वाकते, रॉकर तुटते, कधी पिस्टनही जाते, आणि तीस हजाराच्या आसपासचं काम लाखाच्या वर जाते. त्यांनी भाड्यानं दुसरी गाडी लावली. हा निर्णय त्यांनी लवकर घेतला हे या प्रकरणातलं सगळ्यात मोठं पुण्य.

आता गाइड तुटतेच का. गाइड म्हणजे चेनला सरळ रेषेत ठेवणारी पट्टी, मागे स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमचा आधार आणि चेनच्या बाजूला नायलॉनची घसरपट्टी. ताणाच्या बाजूला ही पट्टी बोल्टनं फिक्स असते, ढिल्या बाजूला हलणारा आर्म असते नि त्याला मागून टेन्शनरचा प्लंजर ढकलत राहते. प्लंजर ऑइलच्या दाबावर चालते. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं ऑइल थोडंफार उतरते, सकाळी दाब तयार व्हायला क्षणभर लागते, तेवढ्या वेळात चेन फडफडते. चांगल्या इंजिनात ही फडफड ऐकूच येत नाही, कारण चेन मुळात लांब झालेली नसते आणि प्लंजरचा रॅचेट (त्याला मागे सरकू न देणारे दाते) तिला धरून ठेवते. चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जाते असं नाही. प्रत्येक जोडातली पिन नि तिच्याभोवतीचं बुश झिजते. एका जोडाला मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा झिजला, तर दीडशे जोडांच्या चेनमध्ये दीड मिलिमीटर होते. अशी झीज होत होत प्लंजर आपल्या शेवटच्या टोकाला येते, त्याच्यापुढे ढकलायला त्याच्याकडे काही उरत नाही, आणि मग रोज सकाळी चेन नायलॉनवर चाबूक मारते. जुनं, गरम ऑइलमध्ये वर्षानुवर्षे शिजलेलं नायलॉन कडक होऊन जाते, एक दिवस कोपरा उडते.

हा आजार जुना आहे. टोयोटाचं २२आर इंजिन, जे ऐंशीच्या दशकात त्यांच्या पिकअपमध्ये असायचं, त्याच्यात आधी दुहेरी चेन होती, नंतर १९८३ च्या सुमारास एकेरी चेन नि प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. ती पट्टी तुटली की सैल चेन फ्रंट कव्हरला आतून घासत जायची, घासता घासता कव्हरला भोक पडून पाणी थेट ऑइलमध्ये. बाकी इंजिन इतकं दणकट की लोक चार लाख किलोमीटरच्या गोष्टी सांगतात, पण या एका पट्टीसाठी कव्हर उघडावं लागायचं. पुढे बाहेरच्या पार्टवाल्यांनी स्टीलचा आधार असलेल्या पट्ट्या काढल्या नि लोक त्याच टाकू लागले. हे सांगायचं कारण, कव्हर उघडल्यावर मी पहिल्यांदा कव्हरची आतली बाजू पाहतो, पट्टी नंतर.

उघडायच्या कामाचं फार लांबवत नाही. बॅटरी काढली, पाणी काढलं, रेडिएटर नि फॅनचं कव्हर बाहेर, बेल्ट, मग क्रँकची पुली. पुलीच्या बोल्टबद्दल मात्र थांबून सांगतो. हा बोल्ट भयंकर टाइट असते आणि आपल्याकडे पाना चेसिसला अडकवून स्टार्टरचा झटका मारायची पद्धत आहे. गाइड तुटलेल्या इंजिनात हे अजिबात करू नये. तो एक झटका सैल चेनला दात उडवायला पुरेसा असते, आणि पाना लावून इंजिन उलटं फिरवणं तर त्याहून वाईट, कारण उलट फिरवल्यावर ताण टेन्शनरच्या बाजूला येते, तिकडे तर काही धरूनच नाही. फ्लायव्हील लॉक करायचं, लांब बार लावायचा नि दम धरायचा. मग चेंबर उतरवलं आणि फ्रंट कव्हर सोडवलं.

कव्हरच्या आत ताणाच्या बाजूला बोटभर लांबीची चमकदार रेघ होती. नख फिरवलं तर अडकत होतं, म्हणजे घासणं सुरू होऊन काही आठवडे झाले असावेत. या इंजिनात त्या जागी पाण्याची वाट नाही, त्यामुळे पाणी-ऑइल एक होण्याची भीती नव्हती, पण तिथून निघालेली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी ऑइलमध्येच गेली ना. फिक्स गाइडचा वरचा बोल्ट होता तिथून पुढचं नायलॉन गायब, खालचा भाग लटकत होता. आर्म शाबूत पण त्याच्यावर चेननं दोन खोल नाल्या पाडलेल्या. दोन कॅमच्या मधली वरची छोटी पट्टी बरी होती. टेन्शनरचा प्लंजर पूर्ण बाहेर, रॅचेटचा शेवटचा दात.

आता ज्या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो ते. चेंबरच्या तळातून, बॅफलच्या (आतल्या आडव्या पत्र्याच्या) मागून, ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या जाळीवरून मिळाले तेवढे सगळे तुकडे धुवून वर्तमानपत्रावर मांडले आणि नवीन गाइड शेजारी ठेवून जुळवत बसलो. गॅरेजवरच्या पोराला वाटलं मी हे मालकाला दाखवायला करून राहिलो. दाखवणं होतेच, पण खरं काम हे की एखादा तुकडा कमी आहे का ते कळते. अंगठ्याच्या नखाएवढा एक कमी निघाला. स्ट्रेनरची जाळी वरून साफ दिसत होती, पण उलटी करून पाण्याच्या धारेखाली धरली तर नळीच्या तोंडाशी, आतल्या वळणात, तो आडवा बसलेला. हा तसाच राहिला असता तर ऑइल पंप अर्धा उपाशी राहिला असता, आणि नवीन चेन, नवीन गाइड टाकूनही गरम आयडलला दाब कमीच आला असता. उघडायच्या आधी मीटर लावून पाहिलं तेव्हा गरम आयडलला दाब एक बारच्या खालीच येत होता, त्याचं अर्धं उत्तर या तुकड्यात होतं.

मालकाचा पुढचा प्रश्न हा होता की मग नुसती गाइड टाकू या, दुकानात सुटी मिळते, चेन तर दिसायला ठणठणीत आहे. चेन दिसायला ठणठणीतच असते. नवीन नि जुनी दोन्ही चेन एकाच खिळ्याला टांगून दाखवल्या. चेन गोल असल्यामुळे टांगल्यावर जो फरक दिसते तो खऱ्या फरकाच्या अर्धाच असते, तरी खालच्या टोकाला तीनेक मिलिमीटरचा फरक होता, म्हणजे पूर्ण लांबीत सहा मिलिमीटर. मग जुनी चेन आडवी धरली, पिना उभ्या ठेवून, तर ती धनुष्यासारखी खाली वाकली, नवीन जवळजवळ सरळ राहिली. यावर ते काही बोलले नाहीत, "टाका पूर्ण किट" एवढंच म्हणाले. एवढी लांब चेन नवीन गाइडवर चढवली असती तर नवीन टेन्शनरही अर्ध्याच्या वर बाहेर येऊनच बसला असता, वर्ष-दीड वर्षात परत हेच काम.

किट शहरातून मागवली. पहिली आली ती परत केली. डबा हुबेहूब, पण चेनवर जोडताना खुणेला लागणाऱ्या रंगीत कड्या नव्हत्या, गाइडच्या बोल्टच्या भोकात स्टीलचं बुश नव्हतं आणि नायलॉनच्या कडेला साच्याची धार तशीच सुटलेली. बुश नसलेल्या भोकात बोल्ट टाइट केला की प्लॅस्टिक दबते, काही महिन्यांनी बोल्ट ढिला. दुसरी अधिकृत डीलरकडून आणली, महाग पडली, पण या कामात पार्टपेक्षा उघड-झाक महाग असते त्यामुळे तिथं पैसे वाचवण्यात अर्थ नाही. दोन्ही कॅम नि क्रँकची दातेरी चक्रं तपासली, क्रँकच्या चक्राचे दात एका बाजूनं आकड्यासारखे झिजले होते म्हणून ते चक्र बदललं. चेनवर ऑइल मारणारा छोटा जेट तारेनं नाही, हवेनं साफ केला. तार घातली की भोक मोठं होऊन धार बिघडते.

जोडताना क्रँक खुणेवर, कॅमच्या खुणा जागेवर, रंगीत कड्या खुणांवर बसवल्या, टेन्शनरची पिन ओढली, आणि हातानं सुलट दिशेनं क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले. दोन फेऱ्यांनी चक्रांच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. रंगीत कड्या जुळणार नाहीत, त्या बऱ्याच फेऱ्यांनी परत येतात, नवीन पोरं हे पाहून घाबरतात नि परत उघडून बसतात. कोनानं टाइट करायचे बोल्ट सगळे नवीन टाकले. कव्हर लावताना सिलिकॉन पातळ नि सलग, आणि जिथं हेड, ब्लॉक नि कव्हर तिघं मिळतात त्या कोपऱ्यात एक ठिपका जास्त, कारण गळती तिथूनच सुरू होते. जास्त सिलिकॉन भरलं की आत बाहेर आलेला रबर सुटून परत स्ट्रेनरमध्येच जाते, म्हणजे प्लॅस्टिक काढून रबर घातल्यासारखं. ऑइल दुसऱ्या दिवशी भरलं. इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला, मग कनेक्टर लावून चालू केली. खडखड नाही. गरम आयडलला दाब दीड बारच्या वर.

इथं बरेच जण गाडी देऊन मोकळे होतील, पण मला १ लाख ६८ हजारात एवढी झीज का, हे पटत नव्हतं. याच्यापेक्षा जास्त चाललेल्या गाड्यांची चेन मी चांगली पाहिली आहे. आपल्याकडे सगळं उन्हावर ढकलायची सवय आहे, की बाप्पा ४६ डिग्रीत प्लॅस्टिक वितळणारच. पण इंजिनच्या आतलं तापमान थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) ठरवते, बाहेर ४६ असो का डिसेंबरातले ८. आणि या गाडीत थर्मोस्टॅट होताच कुठे! पाणी भरताना हाउसिंग उघडलं तर आत मोकळं. ड्रायव्हर म्हणे, "तीन उन्हाळ्याआधी गरम होत होती म्हणून काढला, मंग कोनं लावलाच नाई." विदर्भात ही रीतच झाली आहे, उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढा. गाडी गरम होत होती ती रेडिएटरच्या जाळीत कापूस नि धूळ बसली म्हणून, हे काढल्यावर दिसलंच.

थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन कामाच्या तापमानाला येतच नाही. आणि संत्र्याची तोडणी तर बरीचशी थंडीतच असते. पहाटे बागेत गाडी जाते, कॅरेट भरेपर्यंत आयडलला सुरू ठेवतात, मग पांदणीनं पहिल्या-दुसऱ्या गिअरात शेड, परत बाग. असं थंड डिझेल इंजिन नीट जाळत नाही, काजळी ऑइलमध्ये जाते, थोडं डिझेलही उतरते, ऑइल पातळ नि काळं होते. काजळी म्हणजे पिन-बुशच्या मधात बारीक पॉलिश पेपरच समजा. त्याच्यावर ऑइल बदली किलोमीटर पाहून, तीही लांबवून पंधरा-सोळा हजारावर, आणि ग्रेड जो ड्रममध्ये मिळेल तो. मीटर १ लाख ६८ हजार दाखवते, पण आयडलचे तास त्या मीटरला माहीतच नाहीत. मी एक तास आयडल म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटर धरतो, त्या हिशोबानं हे इंजिन अडीच लाखाच्या पुढं गेलेलं आहे. सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस द्यायची ड्रायव्हरची सवय त्याच्यात भर. दाब येण्याआधी चेनला झटका, रोज.

म्हणून नवीन थर्मोस्टॅट टाकला, रेडिएटर बाहेरून उलट्या दिशेनं धुवून घेतला, फॅनचा क्लच तपासला, आणि ऑइल गाडीच्या कंपनीच्या पुस्तकातल्याच ग्रेडचं, फिल्टर ओरिजिनल, कारण स्वस्त फिल्टरमधला ऑइल परत उतरू न देणारा रबरी वॉल्व्ह लवकर कडक होते नि सकाळी टेन्शनर कोरडा राहते. तोडणीच्या महिन्यांत ऑइल साडेसात हजारावर बदलायचं ठरवून दिलं, बाकी वर्ष पुस्तकाप्रमाणे. कॅरेट भरताना गाडी बंद. हे शेवटचं ऐकून ड्रायव्हर जरा कुरकुरला, हीटर बंद होते म्हणे, पण मालकांनीच त्याला समजावलं.

हजारेक किलोमीटरनंतर ऑइल मुद्दाम लवकर काढून परत फडक्यातून गाळलं आणि फिल्टर कापून पाहिला. कापडावर प्लॅस्टिक काहीच नाही, फिल्टरच्या घड्यांत थोडी चंदेरी चमक होती, ती कव्हरच्या घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, धुवूनही काही उरतेच. त्याच्या पुढच्या बदलीला तीही नव्हती. टेम्परेचरचा काटा आता दहा मिनिटांत मधोमध येते नि तिथंच राहते, आधी तो कळमन्यापर्यंत जाऊनही खालच्या रेघेला असायचा.

पुढच्या आंबियाच्या तोडणीआधी ड्रायव्हर रात्रभर उभ्या गाडीचा पहाटेचा स्टार्ट मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवणार आहे, बोनेट उघडून, फोन फ्रंट कव्हरजवळ धरून. आत्ताच्या कोऱ्या आवाजाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे ठेवून घेतलं आहे, म्हणजे जुळवता येईल.